छिद्रातून जाणारे तेल

ब्रेक दाबताच पुढचे नाक खाली बसते आणि खड्ड्यावरून जाताच मनगटाला हिसका बसतो, ह्या दोन तक्रारी जुन्या मोटारसायकलीच्या स्वाराकडून इतक्या नित्य आणि इतक्या एका दमात ऐकू येतात, की त्यांतील परस्परविरोध त्याच्याही ध्यानात येत नाही आणि ऐकणाऱ्या मिस्त्रीच्याही. नाक बसते म्हणजे पुढचा शॉकॉप मऊ आहे. हिसका बसतो म्हणजे तो कठीण आहे. एकच वस्तू एकाच वेळी मऊ आणि कठीण असल्याची ही कैफियत एखाद्या कचेरीत रुजू झाली असती, तर ‘नक्की काय ते ठरवून पुन्हा अर्ज करावा’ असा शेरा मारून ती परत पाठवली गेली असती. परंतु कैफियत खरी असते, अक्षरशः खरी असते, आणि ती खरी कशी असू शकते हे एकदा उमगले म्हणजे जुन्या चिमट्यात कोणती सुधारणा करावी आणि कोणती करू नये, हे निराळे सांगावे लागत नाही.

माझ्याकडे ऐंशीच्या दशकात तयार झालेली, धाकट्या काकांकडून जवळजवळ वारसाहक्काने आलेली एक मोटारसायकल आहे. तिच्या कारखान्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण तिच्या चिमट्यात जे उणे होते ते तिच्या कुळाचे नसून तिच्या काळाचे होते. त्या काळच्या बहुतेक साध्या गाड्या त्याच पद्धतीने बांधल्या जात. कोल्हापूरहून गगनबावड्यास जाऊन करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरताना दर वळणाआधी ती असे काही डोके टेकी, की मागचे चाक आपल्याशिवायच पुढे निघाले आहे की काय असे वाटावे. ओळखीच्या मिस्त्रींकडे गाडी नेली, तेव्हा त्यांनी हँडल दोनदा दाबून पाहिले आणि क्षणाचाही विलंब न लावता निदान आणि औषध एकत्रच सांगितले : “तेल दाट घालू या, साहेब. काय होत न्हाई.” तेल दाट घातले. नाक बसणे किंचित मंदावले; पण खड्ड्यांचे हिसके, जे पूर्वी मनगटापर्यंत येऊन थांबत, ते आता खांद्यापर्यंत पोहोचू लागले.

शब्दांविषयी आरंभीच थोडा खुलासा केलेला बरा. शासकीय परिभाषेत ‘सस्पेन्शन’ला निलंबन म्हणतात, आणि हा शब्द कानी पडताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल न येता चौकशी चालू असलेला एखादा तलाठी येतो, सबब त्या शब्दास येथे रजा देतो. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या जोडीला आपण सायकलच्या दिवसांपासून चिमटा म्हणत आलो आहोत, आणि त्याच्या प्रत्येक पायात जी स्प्रिंग, जे तेल आणि जी यंत्रणा असते तिला सगळी वर्कशॉपे शॉकॉप म्हणतात. स्प्रिंगची उसळी जिरवण्याच्या क्रियेला पदार्थविज्ञानात अवमंदन अशी संज्ञा आहे. हा शब्द जड आहे खरा, पण दुसरा कोणताही शब्द नेमका नसल्याने तो वापरण्यावाचून गत्यंतर नाही.

स्प्रिंग आणि अवमंदन ह्यांची कामे भिन्न आहेत, आणि सर्व घोटाळा ती एक मानण्यातून उद्भवतो. स्प्रिंग ही प्रामाणिक ठेवीदारासारखी : धक्क्याची जी ऊर्जा तिच्यात जमा होते ती ती जवळजवळ पैन् पै परत करते, आणि नेमके तेच आपल्याला नको असते, कारण परत मिळालेली ऊर्जा चाकाला पुन्हा खाली ढकलते, चाक पुन्हा वर येते, आणि एका खड्ड्याचे चार हेलकावे होतात. अवमंदक हा वसुली कारकून. जाताना आणि येताना, दोन्ही खेपांना तो त्या ऊर्जेतून आपला वाटा कापून घेतो आणि त्याची उष्णता करून टाकतो, जी चिमट्याच्या ॲल्युमिनियमच्या पायातून हवेत निघून जाते. स्प्रिंग किती दबली ह्यावर जोर देते; अवमंदक किती वेगाने दबते आहे ह्यावर. गाडी स्थिर उभी असताना अवमंदकाचे अस्तित्व शून्य असते. दुकानातील फळीवर हँडल दाबून पाहणाऱ्याला प्रामुख्याने स्प्रिंगच कळते, आणि तरीही तो निकाल मात्र तेलाविषयी देतो, ह्यातील विसंगती त्या हात दाबण्याइतकीच जुनी आहे.

आरंभीच्या मोटारसायकलींत ही वसुली घर्षणाने होत असे. गर्डर म्हटल्या जाणाऱ्या त्या सांध्यांच्या चिमट्यात बाजूला एक मूठ असे, ती पिळली की चकत्या एकमेकींवर आवळल्या जात आणि स्वार आपल्या मर्जीप्रमाणे चिमटा सैल किंवा ताठ करून घेई. दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरवण्यासाठी रॉयल एनफिल्डने जी चिमुकली १२५ सीसी ‘फ्लाइंग फ्ली’ बनवली, तिच्या पुढच्या चिमट्यात तर स्प्रिंगच्या जागी रबराचे पट्टे होते. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा चिमटा इंग्लंडातील स्कॉट ह्यांनी १९०८ च्या सुमारासच वापरला होता. पण त्याच्या आत तेलाने अवमंदन करून तो नित्याच्या विक्रीच्या गाडीत बसवण्याचे श्रेय १९३५ च्या बीएमडब्ल्यू आर १२ आणि आर १७ ह्यांना दिले जाते. घर्षणाचा एक मोठा दोष ह्या तेलाने दूर केला : घासणारी चकती चिमटा हलण्याच्या आधीच त्याला अडवते, म्हणून बारीकसारीक खडबडीवर तो हलतच नाही, तेल मात्र हलल्यावरच अडवते.

परंतु तेलाने अडवायचे कसे? सर्वांत सोपा, स्वस्त आणि म्हणून सर्वांत दीर्घायुषी उपाय म्हणजे छिद्र. जुन्या चिमट्याचा एक पाय उभा कापून पाहिला, तर वर क्रोमची चकचकीत नळी दिसते, ती खालच्या ॲल्युमिनियमच्या पायात सरकते. आणि त्या पायाच्या तळाशी एका बोल्टने घट्ट धरलेली, नळीच्या पोटात उभी राहिलेली एक पोकळ दांडी असते. दांडीच्या डोक्याभोवती पिस्टनसारखी रिंग, डोक्यावर मुख्य स्प्रिंग टेकलेली, बुडाजवळ चार-दोन ठसठशीत छिद्रे आणि वरच्या अंगाला एखाददुसरे बारीक. चिमटा दबतो तेव्हा तळचे तेल बुडाच्या मोठ्या छिद्रांतून दांडीच्या पोटात शिरते आणि वर चढते, काही तेल नळीच्या तळाशी असलेल्या एकेरी झडपेतून नळी आणि दांडी ह्यांच्यामधील कड्यात भरते. चिमटा उलगडू लागताच ती एकेरी झडप मिटते, आणि कड्यात कोंडलेल्या तेलाला त्या वरच्या बारीक छिद्रावाचून दुसरी वाट उरत नाही. दबताना सढळ आणि उलगडताना कंजूष, अशी ही योजना आहे, आणि ती मूर्खपणाची मुळीच नाही. दोन-तीन छिद्रे पाडलेली एक नळी, एक रिंग, एक झडप. मोडायला काही नाही, अडकायला काही नाही. १९९९ साली बाजारात आलेल्या सुझुकी एसव्ही ६५० सारख्या चपळ गाडीतसुद्धा निर्मात्यांनी हीच दांडी ठेवली होती, ती केवळ आळसाने नव्हे.

दोष छिद्राच्या स्वभावातच आहे, आणि तो साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी उघडकीस आलेला आहे. गॅलिलिओच्या अखेरच्या दिवसांत त्याच्यापाशी राहिलेल्या तोरिचेल्लीने १६४४ मध्ये दाखवून दिले, की भांड्याच्या बुडाच्या छिद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. विधान उलटे वाचले की आपला चिमटा समोर उभा राहतो : द्रवाला छिद्रातून दुप्पट वेगाने काढायचे तर दाब चौपट लागतो, दसपट वेगाने काढायचे तर शंभरपट. आता ब्रेक लावल्यावर चिमटा बसतो तो सेकंदाला काही सेंटिमीटर, फार तर दहा-पंधरा ह्या वेगाने. तेच खड्ड्याच्या धारदार कडेवर चाक आदळते तेव्हा वर उसळण्याचा वेग सेकंदाला मीटरच्या घरात जातो. दहापट वेग, शंभरपट विरोध. समजा बसण्याच्या मंद गतीला छिद्र एक किलोचा विरोध करते, जो स्वाराला जाणवणारही नाही. तर खड्ड्याच्या गतीला तेच छिद्र शंभर किलोचा विरोध करील, आणि तेवढ्या विरोधाला तेल हे तेल न राहता जवळजवळ लोखंडाच्या कांबीसारखे होते. खड्ड्याचा आघात मग स्प्रिंगला टाळून थेट हँडलपर्यंत येतो. ब्रेकला मऊ आणि खड्ड्याला कठीण : कैफियतीतील दोन्ही कलमे शाबीत झाली, आणि आरोपी एकच निघाला.

ह्यावरून हेही दिसून येईल की छिद्राचे माप बदलून सुटका नाही. मोठे केले तर हिसका कमी होतो पण ब्रेकला रोध उरत नाही. लहान केले तर ब्रेकला थोडा आधार मिळतो आणि खड्डा असह्य होतो. निर्मात्याने निवडलेले माप म्हणजे दोन्ही पक्षांनी नाखुशीने सही केलेला तडजोडनामा. आणि दाट तेल? दाट तेल म्हणजे प्रत्येक छिद्र एकाच वेळी थोडेथोडे लहान करणे. दबण्याचे, उलगडण्याचे, मंद गतीचे आणि शीघ्र गतीचेही. मिस्त्रींचा इलाज खोटा नव्हता, तो फक्त आंधळा होता. त्यात भर म्हणजे आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी शॉकॉपमध्ये २०डब्ल्यू-४० हे इंजिनचे तेल सर्रास ओततात, ज्याची श्यानता ४० अंश सेल्सियसला शंभर सेंटिस्टोक्सच्या वर असते, तर ‘१० डब्ल्यू’ असे लिहिलेले चिमट्याचे तेल त्याच तपमानाला साधारण तीस-पस्तीसच्या आसपास असते. साधारण म्हणतो, कारण इंजिनच्या तेलांना ठरलेले प्रमाणकोष्टक आहे, चिमट्याच्या तेलांच्या डब्यावरील ‘डब्ल्यू’चा आकडा मात्र बव्हंशी ज्याच्या त्याच्या मर्जीचा, एकाचे दहा ते दुसऱ्याचे पाच निघू शकते. डब्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत सेंटिस्टोक्स छापलेले असले, तर तेवढेच वाचावे.

सुधारणेच्या मार्गावर निघण्याआधी एक दुरुस्तीचे नाके लागते, आणि उत्साही मंडळी ते बहुधा चुकवतात. चाळीस वर्षांच्या चिमट्यातील अवमंदन वाईट आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते वाईट नसून उरलेलेच नसते. माझा चिमटा उघडला तो शिवाजी उद्यमनगरात, एका टर्नरच्या दुकानाच्या पडवीत. तळाचा बोल्ट सोडवू गेले की आतली दांडीही त्याच्याबरोबर गरगर फिरते, ही ह्या कामातील पहिली आणि अपमानास्पद अडचण. जाणता माणूस म्हणूनच स्प्रिंग आत दबलेली असतानाच तो बोल्ट सैल करून घेतो. आम्ही ते केले नव्हते. तेव्हा टर्नरच्या पोऱ्याने कोपऱ्यातील फरशी पुसायच्या कुंच्याचा लाकडी दांडा उचलला, त्याचे टोक पटाशीने चौकोनी निमुळते केले, नळीतून खाली घालून दांडीच्या डोक्यात हातोडीच्या दोन ठोक्यांनी रुतवले आणि दांडा गुडघ्यांत धरून मला म्हणाला, “आता फिरवा.” बोल्ट ‘टक्’ असा आवाज करून सुटला. त्यासाठी पोलादी हत्यार विकत मिळते. पण मला त्या कुंच्याविषयी आजही आदर आहे.

तेल बाहेर आले ते तेल म्हणावे असे नव्हते. करडे, पातळ चिखलासारखे, मासळीच्या उग्र वासाचे, आणि बोटांत चोळले असता ॲल्युमिनियमचा चमचमणारा कीस मागे ठेवणारे. दांडीच्या डोक्यावरची रिंग इतकी झिजली होती की नळीत नुसती घातली असता आपल्याच वजनाने घसरत खाली गेली. म्हणजे उलगडताना जे तेल त्या बारीक छिद्रातून जावयास हवे होते, ते वर्षानुवर्षे रिंगच्या कडेने फुकट जात होते. क्रोमच्या नळीवर, नेमक्या ऑइल सीलच्या मार्गात, पावसाळ्यांनी खाल्लेले सुईच्या टोकाएवढे खड्डे. अशा नळीवर नवे सील बसवणे म्हणजे किसणीवर रेशीम ओढणे. नळ्या पुन्हा क्रोम करून, घासून मापात आणाव्या लागल्या. एका पायात दुसऱ्याहून तेल कमी होते. हे सगळे नीट केल्यावर, कोणतीही नवी युक्ती न योजता, गाडी निम्मी सुधारली. आणि ह्या निम्म्याला सुधारणा म्हणावे की केवळ थकबाकीची भरपाई, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवतो. चाक परत बसवताना आधी मुख्य नट आवळून, चिमटा पाच-सहा वेळा जोराने दाबून, मगच बाजूचे बोल्ट कसावेत, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या समांतर जागी येतात. हे न केल्याने चिरडीस येऊन घासणारे चिमटे मी अनेक पाहिले आहेत, आणि त्यांच्या मालकांनी त्यांतही दाट तेलच घातले होते.

दुरुस्तीनंतर स्प्रिंग. येथे एक गोष्ट ठामपणे सांगणे अवश्य आहे : ब्रेक लावल्यावर चिमटा किती बसेल हे स्प्रिंग ठरवते, किती लवकर बसेल हे अवमंदन. गाडी आणि स्वार मिळून २३० किलो, गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, दोन चाकांतील अंतर १३२ सेंटिमीटर असे धरले आणि गुरुत्वाकर्षणाच्या सहा-दशांश जोराचा ब्रेक लावला, तर मागच्या चाकावरून उठून पुढच्यावर येणारा भार सुमारे ६३ किलो होतो. शिवाय चिमटा मागे कललेला असल्याने चाकाला मागे रेटणारा ब्रेकचा जोरही त्याला दाबण्याच्या कामी आपली भर घालतो. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला तर जगातील उत्तमोत्तम अवमंदकही ह्या भाराला कायमचा तोलून धरू शकत नाही. थोडा उशीर करतो इतकेच. १९८० च्या सुमारास चारही जपानी कारखान्यांनी ब्रेक लागताच तेलाची वाट अरुंद करणाऱ्या ‘अँटी-डाइव्ह’ यंत्रणांची मोठी हौस केली, त्यांना आद्याक्षरांची भारदस्त नावे दिली, आणि काही वर्षांतच ती हौस विरली. ब्रेक धरलेला असतानाच खड्डा आला की चिमटा गोठून जाई, हे त्याचे मोठे कारण.

माझी स्प्रिंग किती ताकदीची आहे हे टर्नरने मला घरगुती पद्धतीने दाखवले. माणसांचे वजन करण्याचा काटा ड्रिलिंग मशीनच्या पाटावर, त्यावर स्प्रिंग उभी, आणि ड्रिलच्या दांड्याने ती बरोबर २५ मिलिमीटर दाबायची. काट्यावर साडेअकरा किलो आले, म्हणजे दर मिलिमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी. त्यानंतर ‘सॅग’ मोजला, म्हणजे गाडीवर बसल्यावर चिमटा आपोआप किती दबतो ते. ह्यासाठी वायरी बांधण्याची प्लास्टिकची पट्टी नळीवर आवळून सीलपाशी सरकवून ठेवायची, अलगद बसायचे, अलगद उतरायचे आणि पट्टी किती वर गेली ते मोजपट्टीला विचारायचे. एकूण चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा असावा असा सर्वसाधारण दंडक. माझा निम्म्याजवळ होता. म्हणजे वळणावर पोहोचण्याआधीच अर्धी चाल खर्ची पडलेली. किंचित जाड तारेच्या स्प्रिंगा आणि वर पीव्हीसी नळाचा योग्य लांबीचा तुकडा घालून हा जमाखर्च जुळवला.

आता मूळ आरोपीकडे, छिद्राकडे. छिद्राचे दुखणे असे की त्याला दाब वाढला तरी उघडता येत नाही. त्याच्या जागी अशी वाट हवी, जी दाब एका मर्यादेपर्यंत असताना जवळजवळ मिटलेली राहील, मर्यादा ओलांडताच उघडेल, आणि जितका दाब अधिक तितकी अधिक उघडेल. म्हणजे वेग दहापट झाला तरी विरोध शंभरपट न होता काहीपटच होईल. पातळ पोलादी चकत्यांची थप्पी भोकांवर ठेवून ती दाबाने वाकवणे, ही त्याची शुद्ध पद्धत, आणि स्वतंत्र नळकांड्यात बसवलेली ती यंत्रणा ‘कार्ट्रिज’ ह्या नावाने ऐंशीच्या दशकापासून चांगल्या गाड्यांत येऊ लागली. जुन्या चिमट्यात आख्खे कार्ट्रिज बसवणे शक्य असते, खर्चिकही असते. दुसऱ्या, नव्या गाडीचा चिमटाच उपटून लावण्याची टूम आहे. पण त्यात चिमट्याची लांबी, कल आणि चाकाचा माग बदलतो, गाडीचे वळणे बदलते, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी-दस्तऐवजातील तपशिलाशी न जुळणाऱ्या फेरफारास मज्जाव करते, हेही विसरता येत नाही. मला ती टूम कधीच रुचली नाही. दुसऱ्याचे पाय लावून चालणाऱ्या गाडीला आपली म्हणवत नाही, हा माझा पूर्वग्रह समजावा.

तिसरा मार्ग कॅलिफोर्नियातील रेस टेक ह्या कंपनीने लोकप्रिय केलेल्या ‘इम्युलेटर’चा. नावाप्रमाणे हा कार्ट्रिजचा बहुरूपी आहे. लिंबाच्या चकतीएवढा, पितळी-सोनेरी रंगाचा हा पदार्थ दांडीच्या डोक्यावर नुसता बसतो आणि मुख्य स्प्रिंग त्याला वरून दाबून जागेवर ठेवते; स्क्रू नाही, जोड नाही. त्याच्या पोटात एक झडप एका छोट्या स्प्रिंगने मिटलेली असते, त्या स्प्रिंगचा ताण बोल्टच्या फेऱ्यांनी कमी-अधिक करता येतो, आणि झडपेतच एक बारीक भोक असते, जे मंद गतीच्या तेलाला हळूहळू जाऊ देते. ब्रेकच्या मंद दाबाला तेल त्या बारीक भोकातून कुरकुरत जाते, म्हणून नाक सावकाश बसते. खड्ड्याचा दाब आला की झडप उचलली जाते आणि तेल मोकळे होते. उलगडताना ते उलट दिशेने विनासायास वाट देते, म्हणून उलगडण्याचे अवमंदन पूर्वीप्रमाणेच त्या वरच्या छिद्राकडे आणि तेलाच्या दाटपणाकडे राहते.

मात्र नवा अंमलदार नेमला की जुन्याला बरखास्त करावे लागते, नाहीतर दोघेही वसुली करू लागतात. दांडीच्या बुडाची जुनी छिद्रे तशीच ठेवली तर वर्गाचा नियम तेथेच बसून राहील आणि वरच्या झडपेला काम उरणार नाही. म्हणून ती मोठी करून, एकमेकांशी काटकोनात आणखी जोड्या पाडून, बहुधा ८ मिलिमीटरची सहा छिद्रे करतात. टर्नरने दांडी व्ही-ब्लॉकवर आडवी घेतली, प्रत्येक ठिकाणी पंचाने खूण केली आणि आधी बारीक, मग मोठे असे ड्रिल चालवले. छिद्राच्या आतल्या काठावरची धार गोल कानशीने मोडताना त्याने तिप्पट वेळ घेतला. त्या धारेचा एक कीसही आत राहिला तर तो झडपेखाली जाऊन बसणार, हे त्याला मी सांगितले नव्हते. वरच्या बारीक छिद्राला हात लावायचा नाही, हे मात्र मी चार वेळा सांगितले. माझ्या दांडीचे डोके सपाट नसून वाटीसारखे होते, त्यावर इम्युलेटर डगमगे. तेव्हा त्याच लेथवर ॲल्युमिनियमची एक कडी कातून घेतली. इम्युलेटर आणि कडी मिळून जितकी उंची वाढली, तितकाच पीव्हीसीचा तुकडा कापून कमी केला, नाहीतर स्प्रिंगचा हिशेब पुन्हा बिघडला असता.

तेलाची पातळी हा भाग वरकरणी क्षुल्लक, पण त्यात एक तिसरी स्प्रिंग लपलेली असते, ती हवेची. स्प्रिंग बाहेर काढून, चिमटा पूर्ण दाबून, नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचे अंतर मोजतात. समजा नळीचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर, आतला ३०, आणि चाल १३०. अंतर १४० मिलिमीटर ठेवले, तर पूर्ण दबलेल्या अवस्थेत कोंडलेली हवा एका पायात सुमारे साडेबारा किलोचा जोर देते. तेल थोडे वाढवून अंतर १०० केले, तर तोच जोर साडेसतरा किलो होतो. पण निम्म्या चालीवर हे दोन आकडे पावणेचार आणि साडेचारच्या आसपास, म्हणजे फरक किलोभराचाही नाही. बॉइलच्या नियमाचा हा साधा गुणाकार-भागाकार आहे, आणि त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की चिमटा मधल्या चालीत चांगला वागतो पण शेवटी तळाला आदळतो अशी तक्रार असेल, तर दाट तेल नको, अधिक तेल हवे. अतिरेक केला तर सीले फुटतात, हे ओघाने आलेच.

झडपेचा ताण मी प्रथम तीन फेऱ्यांचा ठेवला, आणि राधानगरी रस्त्याच्या पहिल्याच तुटक्या कडेवर चूक कळून आली. हिसका जुनाच, फक्त नव्या कारणाने. ह्या यंत्राची एकच गैरसोय आहे, ती म्हणजे ताण बदलायचा तर त्याला बाहेर काढावे लागते. हँडल सैल करून वरची टोपी उघडायची, पीव्हीसी आणि स्प्रिंग तेल ठिबकवत बाहेर, आणि मग टोकाला आकडा केलेली सायकलची आरी नळीत सोडून, विहिरीत पडलेली कळशी गळाने काढावी तसा अंधारात चाचपडत तो पितळी पदार्थ वर ओढायचा. पहिल्या दिवशी ह्याला तासभर लागला. चौथ्या खेपेस प्रत्येक पायाला सात मिनिटे. अडीच, मग दोन, मग पावणेदोन, आणि पुन्हा दोनवर येऊन थांबलो. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी, कारण स्मरण ह्या बाबतीत अत्यंत खोटी साक्ष देते. पावणेदोनवर गाडी उत्तम चालत होती असे मला आजही वाटते, वही मात्र ‘तिसऱ्या वळणावर डुलली’ असे सांगते. उलगडण्यासाठी शेवटी जे तेल कायम केले ते पूर्वीच्या इंजिन-तेलाच्या मानाने श्यानतेत निम्म्याहूनही कमी होते.

करूळ घाट दुसऱ्यांदा उतरलो तो आश्विनातल्या एका सकाळी, रस्ता कोरडा असताना. नाक अजूनही बसते. ते बसायलाच हवे. थोडे बसल्याने चिमटा उभा होतो आणि गाडी वळणात सहज शिरते, हे मला आधी ठाऊक नव्हते. पण आता ते बसते ते भरलेल्या बैलगाडीचे जू खांद्यावर घेणाऱ्या बैलासारखे, आणि ब्रेक सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबते. पायथ्याशी चहाला उतरलो तेव्हा नळीवरची प्लास्टिकची पट्टी चालीच्या शेवटापासून बोटभर अलीकडे उभी होती.

परत आल्यावर गाडी मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी पूर्वीसारखेच हँडल दोनदा दाबले, मग तिसऱ्यांदा दाबले, पुढचा ब्रेक धरून चौथ्यांदा दाबले, आणि नळीवरून बोट फिरवून सील कोरडे असल्याची खातरजमा केली. मग तोंडातले पान गालाच्या दुसऱ्या बाजूस सारून त्यांनी अत्यंत समाधानाने विचारले, “कुठलं दाट तेल घातलंसा?”